प्लेटवर १४४० का? कर्णबधिर मुलीला इलेक्ट्रिकल डिप्लोमाला घालावं की नको

मोटरवाला_कराड | १४ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी इथे नुसता वाचायला येतो, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

कराडपासून थोड्या अंतरावर माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या मोटरी, पाण्यात बुडवायच्या पाणबुडी मोटरी, पिठाच्या गिरण्यांच्या मोटरी, पंखे, मिक्सर, येईल ते करतो. मोठी मुलगी यंदा दहावी झाली, ७१ टक्के. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. दोन्ही कानांना मशीन आहे, पण त्यातून तिला आवाज येतो, शब्द येत नाहीत. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकली. ओठ बघून घरातल्यांचं बरंच कळतं, परक्या माणसाचं निम्मं.

सुट्टीला आली की ती दुकानात असते. मी बोलावत नाही, तीच येते. आधी नुसते स्लॉटमधले जळके कागद काढायची, मग मोजून टर्न, म्हणजे तारेचे वेढे, घालायला लागली. आता कॉइल भरते, लेसिंग करते, वार्निशला बुडवायच्या आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघते. तिचे टर्न कधी चुकत नाहीत. माझे चुकतात, कारण मोजता मोजता गिऱ्हाईक आलं की मी बोलत बसतो.

एक गोष्ट सांगतो. मागच्या दिवाळीत गिरणीची एक साडेसात एचपीची मोटर आली. आवाज करतेय म्हणून. मी आपला नेहमीसारखा स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून ऐकत होतो, एकदा पुढं, एकदा मागं, आणि ठरत नव्हतं. ही आली, दोन्ही झाकणांवर तीन-तीन बोटं सपाट ठेवली, दोन सेकंद थांबली आणि पुलीकडचं बेअरिंग दाखवलं. खोललं तर तेच गेलेलं.

तर ही म्हणते मला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय. शाळेतल्या बाई म्हणतात शिवणकाम किंवा ब्यूटी पार्लरचा कोर्स करा, आमच्या सगळ्या मुली तेच करतात. बाई वाईट नाहीत, पोरीला दहा वर्षं त्यांनीच वाढवली. पण मी पॉलिटेक्निकच्या प्रवेशाची चौकशी करायला एका सुविधा केंद्रात गेलो, तर टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज बघायच्या आधीच विचारलं, "हिला ऐकू येत नाही, लॅबमध्ये शॉक बसला तर जबाबदार कोण?" मला तिथं उत्तर सुचलं नाही. घरी येताना एसटीत सुचलं. अहो, करंट काय आवाज करून येतो का? शॉक बसायच्या आधी तार ओरडते का? तीस वर्षं झाली मला या धंद्यात, अजून एकदाही ऐकून वाचलेलो नाही. टेस्टर लावला म्हणून वाचलो.

दुसरी अडचण खरी आहे. बोर्ड कर्णबधिर मुलांना भाषेत सवलत देतं. तशी शाळेनं घेतली आणि दहावीला हिला इंग्रजी नव्हतंच, त्याऐवजी दुसरा विषय होता. तेव्हा आम्हाला बरं वाटलं, पोरीचं ओझं कमी झालं म्हणून. आता कळतंय की डिप्लोमाची पुस्तकं इंग्रजीत.

आणि शेवटचं. गेल्या आठवड्यात तिनं मला एका मोटरची नेमप्लेट दाखवून वहीवर लिहिलं, "सगळ्या प्लेटवर १४४० का? १५०० का नाही?" म्हणजे चार पोलच्या (चार चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरला मिनिटाला पंधराशे फेरे यायला पाहिजेत हे तिला कुठून तरी कळलेलं. मला सांगता आलं नाही. "तसंच असतं" असं लिहिलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की बस.

मी स्वतः दहावी आहे. तिला तिकडं घालू का? ती तरेल का? खोटा धीर नको, खरं सांगा.

---

स्पष्टच_बोलतो | १४ जून, रात्री ११:३०

दादा, राग मानू नका. आयटीआयला घाला. वायरमन नाहीतर इलेक्ट्रिशियन. दोन वर्षांत मोकळी. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्याच्या मागे लागा. आमच्या गल्लीत डिप्लोमा झालेले दोघे आहेत, धडधाकट, दोन्ही कान शाबूत, सध्या जेवणाचे डबे पोचवतात. मूकबधिर मुलीला इतक्या कटकटीत घालून काय मिळणार?

---

खडू_आणि_डस्टर | १५ जून, सकाळी ६:१५

मोटरवाला_कराड, सकाळी चहा घेताना तुमचा धागा वाचला आणि चहा गार झाला. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवतो, बावीस वर्षं. मशिन्स हाच माझा विषय, त्यामुळे सुरुवात शेवटापासून करतो.

मुलीला सांगा, १५०० हा चुंबकीय क्षेत्राचा फिरण्याचा वेग. रोटर त्याच्या मागे धावतो, पण त्याला गाठू शकत नाही. गाठलं तर रोटरमधल्या पट्ट्यांना क्षेत्र कापलंच जाणार नाही, करंट तयार होणार नाही आणि जोर संपेल. म्हणून तो कायम थोडा मागे असतो. त्या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. १५०० मधून १४४० गेले ६०, भागिले १५००, म्हणजे ४ टक्के. दहावीनंतर हा प्रश्न स्वतःहून पडलेला विद्यार्थी मला बावीस वर्षांत तीन किंवा चार वेळा भेटला असेल. बाकीच्यांना मी सांगतो आणि ते लिहून घेतात.

आता प्रवेशाचं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याचं कलम ३२. सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांनी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा ठेवायच्या, आणि वयात पाच वर्षांची सूट. १९९५ च्या जुन्या कायद्यात हे ३ टक्के होतं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ५ टक्के पाळलेच पाहिजेत असं पुन्हा बजावलं. खासगी विनाअनुदानित कॉलेजला हे कलम असं थेट लागत नाही, म्हणून पसंतीक्रम भरताना शासकीय आणि अनुदानित वर ठेवा. ७१ टक्के आणि हे आरक्षण, जागा मिळायला हरकत नाही. टेबलावरच्या गृहस्थांना शॉकची जबाबदारी विचारायचा अधिकार नव्हता, त्यांचं काम कागद तपासण्याचं. पुन्हा कोणी तसं म्हणालं तर "हे मला लेखी द्या" एवढंच म्हणा. लेखी कोणी देत नाही.

तुम्ही खोटा धीर नको म्हणालात, म्हणून माझीच एक गोष्ट सांगतो. ती माझ्या बाजूने चांगली नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक कर्णबधिर मुलगा आला. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. पहिल्या बाकावर बसायचा, टक लावून बघायचा, मला वाटायचं काय एकाग्रता आहे. मी फेजर डायग्राम फळ्यावर काढत काढत समजावतो, सगळेच तसं करतात. म्हणजे बोलताना माझं तोंड फळ्याकडे. ऑक्टोबरमध्ये वह्या तपासायला घेतल्या. त्याच्या वहीत प्रत्येक आकृती माझ्यापेक्षा सुंदर होती. कोन मोजून, बाणांची टोकं भरून. आणि आकृतीच्या खाली, जिथे बाकीच्या मुलांनी दहा-बारा ओळी लिहिल्या होत्या, तिथे कोरं. पान उलटलं, आकृती, कोरं. पान उलटलं, आकृती, कोरं. अख्खं सत्र मी त्याला पाठमोरा शिकवत होतो.

त्यानंतर बदल काय केला? फार काही नाही. आधी वर्गाकडे तोंड करून बोलायचं, मग गप्प राहून काढायचं. प्रोजेक्टर लावताना पुढची ट्यूबलाइट चालू ठेवायची, कारण अंधारात ओठ दिसत नाहीत. शेजारच्या मुलाला वहीत कार्बन पेपर घालून लिहायला सांगितलं, दुसरी प्रत याची. आता फोनवर फोटो काढला की झालं. माझं शिकवणं बाकीच्यांनाही सोपं झालं, असं एका मुलीने वर्षअखेरीला सांगितलं. मला ते ऐकून बरं वाटायच्या ऐवजी लाजच वाटली.

खरा घोळ ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला झाला. बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ, पण ओठ झाकणाऱ्या भरघोस मिशा. त्यांनी प्रश्न विचारला, मुलगा त्यांच्या मिशांकडे बघत राहिला. त्यांनी पुन्हा, मोठ्याने विचारला. मोठ्याने विचारून काय होणार? मी प्रश्न कागदावर लिहून पुढे केला तर म्हणाले, "सर, ओरल म्हणजे ओरल." चहा मागवला, बाहेर नेलं, समजूत घातली. परत आल्यावर त्या मुलाने दिलेल्या कागदावर अर्धं पान लिहिलं आणि खाली न विचारलेली सर्किटची आकृती काढली. परीक्षकांनी ती वाचली, मिशीवरून हात फिरवला, आणि पुढचा प्रश्न स्वतःच लिहून विचारला. तुमच्या मुलीच्या वेळी हे चहावर अवलंबून राहता कामा नये. प्रवेश झाला की पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या, ओरलचे प्रश्न लेखी मिळावेत म्हणून, आणि पोच घ्या. कायद्यात वाजवी सोय हा शब्द याचसाठी आहे.

इंग्रजीबद्दल तुम्ही बरोबर घाबरलाय. त्या मुलालाही दहावीला इंग्रजी नव्हतं आणि तो पहिल्या वर्षी सायन्समध्ये नापास झाला. पेपर बघितला तर विज्ञान त्याला येत होतं, प्रश्नच कळला नव्हता. डिफरन्शिएट असं विचारलं होतं, त्याने एकाच गोष्टीची माहिती लिहिली होती. दुसरी गोष्ट सोडून दिली. मग आम्ही जुन्या प्रश्नपत्रिकांतली क्रियापदं काढली. डिफाइन, स्टेट, एन्लिस्ट, जस्टिफाय, डिफरन्शिएट, ड्रॉ अ नीट स्केच. मोजून तीस भरली नाहीत. पोस्टकार्डावर मावली. पुढे त्याला दिसलं की पेपर त्या तिसांतच फिरतो. जुलैपर्यंत हे एवढं मुलीकडून करून घ्या. काही ठिकाणी आता मराठी-इंग्रजी दुभाषिक शिकवतात, जिथे अर्ज भराल तिथे त्याची चौकशी करा. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची चांगली पुस्तकं इंग्रजीतच आहेत, ते टळत नाही.

तो मुलगा तीन वर्षांचा डिप्लोमा चार वर्षांत झाला. हे पण खरं सांगायला हवं.

स्पष्टच_बोलतो, "मूकबधिर" म्हणू नका. बहुतेकांचा आवाज शाबूत असतो, फक्त तो त्यांनी कधी ऐकलेला नसतो.

---

स्पष्टच_बोलतो | १५ जून, सकाळी ९:०२

सर, शब्द मागे घेतला. आयटीआयचं मत मागे घेत नाही.

---

फोन_करू_नये | १५ जून, दुपारी १:४०

मी स्वतः कर्णबधिर. वय ३६. भोसरीला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात वायरिंग ड्रॉइंग काढतो. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुकड्यातुकड्यात आहे.

काका, चार वर्षांचा असताना तापानंतर ऐकू येणं गेलं. त्याआधी मराठी आली होती म्हणून मी असं लिहू शकतो. तुमच्या मुलीने मराठी न ऐकता शिकली आहे. ७१ टक्के म्हणजे किती, हे ऐकणाऱ्या माणसाला कळणार नाही.

ओठ वाचणं म्हणजे काय ते सांगतो. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न करता म्हणा: पोल, बोल, मोल. तिन्ही एकच दिसतात. आता विचार करा, सर म्हणतात "चार पोल" आणि मला दिसतं "चार बोल". बाकीचं वाक्य बघून अंदाज करायचा. दिवसभर अंदाज. संध्याकाळी डोळे दुखतात, आई म्हणायची फार अभ्यास केलास. अभ्यास नाही, अंदाज केले.

शाळेत आम्हाला खुणा करू देत नव्हते. हात पाठीमागे बांधून बसायचं, बोलायला शिका म्हणून. वसतिगृहात दिवे गेल्यावर कंदिलाच्या उजेडात खुणा करायचो. आता दिल्लीला सांकेतिक भाषेचं सरकारी केंद्र आहे, २०१५ पासून. त्यांचा खुणांचा शब्दकोश २०२१ मध्ये १०,००० शब्दांवर गेला, त्यात तांत्रिक शब्दही आहेत. फोनवर फुकट बघता येतो. पण आमच्या कामाचे शब्द आम्हीच बनवले. स्लिपची खूण अशी: एका हाताचं बोट हवेत गोल फिरतं, दुसऱ्या हाताचं बोट मागून गोल फिरतं, थोडं हळू, गाठत नाही. वर सरांनी एवढा परिच्छेद लिहिला. आमच्याकडे दोन सेकंद.

माझा रस्ता सांगतो. स्पष्टच_बोलतो यांचं अर्धं बरोबर आहे. मी दहावीनंतर डिप्लोमाला गेलो नाही, भीती वाटली. दोन वर्षांचा आयटीआय केला, इलेक्ट्रिशियन. तिथे हाताने काम, मास्तर करून दाखवतात, ओठ कमी लागतात. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: दहावी अधिक दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, ट्रेड जुळणारा हवा. मी तसा गेलो. पहिल्या वर्षाचं इंग्रजी आणि गणित एकदम अंगावर आलं नाही, आयटीआयच्या दोन वर्षांत हळूहळू शिकलो. एक वर्ष जास्त लागतं. सरांच्या विद्यार्थ्यालाही चार लागली, मलाही चार लागली. पण मी नापास झालो नाही, शिकत होतो. मनाला फरक पडतो.

पण आयटीआयनंतर थांबायचं नाही. आयटीआयचा माणूस पॅनलमध्ये वायर जोडतो. ड्रॉइंग डिप्लोमावाला काढतो. मी तीन वर्षं वायर जोडली आहे, चुकीच्या ड्रॉइंगवरून, आणि चूक दाखवली तर सुपरवायझर म्हणायचा तुला काय कळतं. आता चुका मी करतो.

फोनमध्ये बोलणं लिहून दाखवणारं ॲप आहे, लाइव्ह ट्रान्सक्राइब, मराठी चालतं. वर्गात चांगलं, सर एकटे बोलत असतील तर. इंग्रजी शब्द मराठी वाक्यात आला की गडबड, एकदा "रिले" चं "रेल्वे" केलं होतं. वर्कशॉपमध्ये काहीच कामाचं नाही, नुसता मशीनचा आवाज. आणि कानाचं मशीन वर्कशॉपमध्ये बंद ठेवायला सांगा, डोकं उठतं.

बोटांनी बेअरिंग ओळखते ते वाचून हसलो. आम्ही सगळे तसेच करतो. माझा टेबल जिन्याजवळ आहे, साहेब वर येत असले की मला पायाला कळतं. बाकीच्यांना नाही कळत, मोबाइल बघत पकडले जातात.

सुट्टी संपली.

---

दुसरा_बाक | १५ जून, संध्याकाळी ७:२०

दादा, माझ्या मुलीला कमी दिसतं, ती कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला आहे. वरच्यांनी शिकण्याचं सांगितलं, मी कागदांचं सांगते, कारण आमचं पहिलं वर्ष त्यातच गेलं.

युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आहे का? नसेल तर आजच स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. जुनं कागदी प्रमाणपत्र अनेक ठिकाणी चालत नाही. जिल्हा रुग्णालयात ठरावीक वारीच तपासणी असते, ऑडिओग्राम आणि कधी बेरा या ऐकण्याच्या टेस्ट मागतात, दोन्हीचे जुने रिपोर्ट घेऊन जा. दोन्ही कानांना ७० डेसिबल किंवा जास्त असेल तर कायद्याप्रमाणे बधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारी. कार्डावर टक्केवारी असते, ती ४० च्या खाली लिहिली गेली तर आरक्षण जातं. तिथेच उभं राहून वाचा, घरी येऊन नाही. आमच्या कार्डावर जन्मतारीख चुकली होती, ती दुरुस्त व्हायला प्रवेशाची दुसरी फेरी उजाडली.

पैशांचं. एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) सक्षम शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,००० रुपये, डिप्लोमालाही मिळते. ४० टक्के दिव्यांगत्व आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. मुलींसाठी त्यांचीच प्रगती नावाची आहे, तीही ५०,००० ची. दोन्ही एकदम नाहीत, एकच घ्यायची. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर दिव्यांगांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आताच काढा, जुलैत तिथे पाय ठेवायला जागा नसते.

माझ्या मुलीला परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात. पहिल्या परीक्षेला पर्यवेक्षकांना माहीतच नव्हतं, तीन तास झाल्यावर पेपर ओढून घेतला. मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स आता ती हॉल तिकिटाला पिन करूनच नेते. तुमच्या ओरलच्या पत्राचंही तसंच करा. ऑफिसात दिलेलं पत्र वर्गापर्यंत आपोआप चालत येत नाही.

आणि दादा, वसतिगृहाचा विचार आत्ताच करा. माझी मुलगी रडली ती अभ्यासाने नाही. मेसमध्ये सगळ्या बोलत बसतात, हिला कोण कोण बसलंय ते लांबून ओळखू येत नाही, म्हणून पहिले दोन महिने एकटी जेवायची. तुमच्या मुलीचं ओठांचं तेच होईल, आठ जणी एकदम बोलल्या तर ती कोणाचे ओठ बघणार?

---

मोटरवाला_कराड | १६ जून, रात्री १०:१०

सगळ्यांना दंडवत. सरांचं आणि भोसरीच्या दादांचं लिहिलेलं मी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. दोन तास वाचत बसली, कळलं नाही ते शब्द अधोरेखित केले, मग हिच्या आईनं एकेक समजावले.

युडीआयडी आहे. तारीख बघितली, बरोबर आहे. टक्के ९० आहेत. उत्पन्नाच्या दाखल्याला उद्या जातो.

स्पष्टच_बोलतो, तुमच्यावर राग नाही. आयटीआयचा रस्ता आता माझ्याही मनात पक्का बसत चाललाय, पण तुमच्या कारणानं नाही, भोसरीच्या दादांच्या. आईचं मत वेगळं. ती म्हणते पोरगी नापास झाली तर होऊ दे, आधीच एक वर्ष मागं कशाला ठेवायची. दोन्हीकडं अर्ज भरतोय. शेवटचा शब्द तिचा.

ताईंनी मेसचं लिहिलं ते वाचून मात्र गप्प झालो. घरात आम्ही चौघं जेवताना बोलतो तेव्हा ती ताटाकडं बघत जेवते, हे मी इतकी वर्षं बघतोय. तिला भूक लागलेली असते असं वाटायचं. काल जेवताना मी टीव्ही बंद केला आणि तिच्यासमोर जाऊन बसलो. तिला संशय आला, काय झालं म्हणून विचारलं.

सरांचं १४४० चं उत्तर तिनं वहीत उतरवून घेतलं आणि खाली स्वतः काहीतरी लिहिलंय. म्हणते हे पण टाका. तिच्याच शब्दांत टाकतो.

"सर नमस्कार. दादा नमस्कार. बाबांनी चुकीचे लिहिले. गिरणीची मोटर साडेसात नाही, दहा एचपी होती. पुलीकडचे बेअरिंग नाही, पंख्याकडचे. नंबर ६२०८. मीच आणले दुकानातून. स्लिपची खूण कळली. मी करून बघितली. छान आहे. पण पाणबुडी मोटरच्या प्लेटवर २८८० लिहिले आहे. पुढचे बोट किती वेगाने फिरवायचे?"

---

फोन_करू_नये | १६ जून, रात्री १०:३१

हा प्रश्न सरांचा. मी बोटं मोडून घेणार नाही.

---

खडू_आणि_डस्टर | १७ जून, सकाळी ६:०५

बाळ, उत्तर मी सांगणार नाही. दुकानात पाणबुडीचा एखादा जळका स्टेटर पडलेला असेलच. कॉइल काढायच्या आधी त्यातले पोल मोज.